ला ब्रेदचा बागाईतदार : माँटेस्क्यू

माँटेस्क्यू हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना परीक्षेच्या हंगामात भेटते. राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात त्याच्या वाट्याला एक हमखास प्रश्न आलेला असतो : सत्ताविभाजनाचा सिद्धांत सांगून त्याचे टीकात्मक परीक्षण करा. कायदे करणारे, ते राबवणारे आणि न्याय देणारे हात वेगवेगळे असावेत, एवढे लिहून त्याखाली दोन आक्षेप आणि एक समारोप जोडला की उत्तर पुरे होते. या उत्तरातील माँटेस्क्यूला गाव नसते, घरदार नसते, कर्ज नसते आणि पीकपाण्याची काळजी तर नसतेच नसते. तो केवळ एक सिद्धांत असतो.

प्रत्यक्षातला माँटेस्क्यू मात्र बागाईतदार होता. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस बोर्डो शहराच्या आसपास वारशाने आलेल्या त्याच्या द्राक्षबागा होत्या. तेथील तांबडी आणि पांढरी वाइन पिंपांतून परदेशी जाई. घरचा खर्च, पॅरिसचे मुक्काम, ग्रंथखरेदी आणि प्रवास यांना याच मिळकतीचा मोठा आधार होता. सरकारने नव्या द्राक्षलागवडीवर बंदी घातली तेव्हा तो सरकारशी भांडला. युद्धामुळे इंग्लंडचे गिऱ्हाईक तुटले तेव्हा हवालदिल झाला. या बाजूने त्याचे चरित्र पाहिले म्हणजे वहीतल्या त्या कोरड्या सिद्धांताची मुळे कोणत्या मातीत होती, हे थोडेफार उमगते. म्हणून हा लेखप्रपंच.

बोर्डोच्या दक्षिणेस, गारोन नदीच्या डाव्या तीरावर ग्राव्ह नावाचा टापू आहे. फ्रेंचमध्ये या शब्दाचा संबंध खडीशी, वाळू-गोट्यांशी आहे. जमिनीचा गुण नावातच सांगितला आहे. अशा जमिनीत पाणी ठरत नाही. गहू पेरावा तर उतारा बेताचाच. परंतु द्राक्षाच्या वेलीला पाय भिजलेले खपत नाहीत. ती पाण्याच्या शोधात मुळे खोल नेते, आणि दिवसा तापलेले गोटे रात्री तिला ऊब देतात. जी जमीन धान्याच्या दृष्टीने दरिद्री तीच द्राक्षाच्या दृष्टीने श्रीमंत, असा हा उलटा न्याय आहे. याच टापूतील ओ-ब्रियाँ या बागेची तांबडी वाइन १६६३ सालीच लंडनमध्ये नावानिशी ओळखली जात होती. येथेच, बोर्डोपासून सुमारे २० किलोमीटरवर, ला ब्रेद नावाची जुनी गढी आहे. चौदाव्या शतकातली बांधणी, सभोवार पाण्याचा रुंद खंदक, आणि त्यापलीकडे कुरणे, रान व बागा. या गढीत १८ जानेवारी १६८९ रोजी शार्ल-लुई द सेकाँदा याचा जन्म झाला. हाच पुढे माँटेस्क्यू म्हणून प्रसिद्धीस आला.

बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचा धर्मपिता म्हणून एखाद्या उमरावाला बोलावण्याची त्या काळची रीत. घरच्यांनी मात्र दारी आलेल्या एका भिकाऱ्याला उभे केले. गोरगरीब हे आपलेच बांधव आहेत याची मुलाला जन्मभर आठवण राहावी, हा त्यामागचा हेतू. पुढे पहिली तीन वर्षे हे मूल गावातल्या पिठाच्या गिरणीवर, गिरणीवाल्याच्या कुटुंबात वाढले. तिथल्या शेतकऱ्यांची गॅस्कन बोली त्याच्या जिभेवर बसली. पुढे पॅरिसच्या दिवाणखान्यांत वावरतानाही त्याच्या फ्रेंचमधला गॅस्कन हेल गेला नाही, आणि तो घालवण्याची त्याला कधी गरजही वाटली नाही.

ला ब्रेदची जहागीर आईच्या माहेरची. १६९६ साली ती वारली तेव्हा शार्ल-लुई अवघा सात वर्षांचा होता. १७०० साली त्याला पॅरिसजवळच्या ज्युई येथील शाळेत पाठवण्यात आले. पाच वर्षांनी परत येऊन त्याने बोर्डोला कायद्याचा अभ्यास केला आणि १७०८ मध्ये तो वकील झाला. नंतरची काही वर्षे पॅरिसमध्ये गेली. १७१३ साली वडील वारले आणि चोविसाव्या वर्षी घरची सारी जबाबदारी त्याच्यावर आली.

१७१५ साली त्याने जान द लार्तिग हिच्याशी लग्न केले. ती प्रॉटेस्टंट होती. फ्रान्समध्ये १६८५ पासून प्रॉटेस्टंट पंथाला कायद्याचे संरक्षण उरले नव्हते, हे लक्षात घेतले तर या विवाहाचे वेगळेपण ध्यानात येईल. तिने एक लाख लिव्हरचा हुंडा आणला, हे चरित्रकार आवर्जून सांगतात. त्याहून मोठी गोष्ट अशी की, नवरा पॅरिसला किंवा परदेशात असताना मजुरांची हजेरी, छाटणी, तोडणी, पिंपांचा हिशेब आणि कुळांची येणी हे सारे तिने सांभाळले. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत तिचे नाव कुठेही येत नाही. परंतु ती नसती तर ती पुस्तके लिहायला त्याला फुरसत मिळाली नसती, हे उघड आहे.

१७१६ साली निपुत्रिक काका वारले. त्यांच्याकडून त्याला माँटेस्क्यू ही जहागीर, ते नाव आणि बोर्डोच्या पार्लमाँमधील एका अध्यक्षाचे पद मिळाले. पार्लमाँ म्हणजे इंग्लंडची पार्लमेंट नव्हे. ते प्रांताचे वरिष्ठ न्यायालय होते. राजाचे हुकूम नोंदवून घेण्याचा आणि प्रसंगी त्यांवर हरकत घेण्याचा हक्क त्याला होता. तिथली पदे विकत मिळत, विकता येत आणि वारशानेही येत. म्हणजे पुढे सत्तेच्या विभागणीवर लिहिणारा हा गृहस्थ स्वतः न्यायाधीश झाला तो वारसाहक्काने. त्यात त्याला फारसे वावगे वाटले नाही. उलट विकत घेतलेले पद राजाला सहजासहजी काढून घेता येत नाही, त्यामुळे न्यायाधीश थोडा तरी निर्भय राहतो, अशी या प्रथेची बाजू त्याने पुढे मांडली. ती आज आपल्याला पटणार नाही; पण तिच्यामागची काळजी मात्र खरी होती.

न्यायालयाच्या कामात त्याचे मन रमले नाही. बोर्डोच्या विद्वत्सभेत तो रमला. तिथे त्याने प्रतिध्वनीवर, मूत्रपिंडावरील ग्रंथींवर, वस्तूंच्या जडपणावर निबंध वाचले. १७२१ साली त्याचे ‘पर्शियन पत्रे’ हे पुस्तक लेखकाच्या नावाशिवाय, हॉलंडमध्ये छापून प्रसिद्ध झाले. युरोपात आलेले दोन इराणी प्रवासी आपल्या माणसांना पत्रे लिहितात आणि त्यांतून फ्रान्सचा राजा, धर्मगुरू, पंडित आणि फॅशनवेडे यांची यथेच्छ टवाळी होते, असे त्याचे स्वरूप आहे. पुस्तक हातोहात खपले. लेखक कोण हे गुपित फार दिवस टिकले नाही. बत्तीस वर्षांचा हा प्रांतिक न्यायाधीश पॅरिसमध्ये एकदम प्रसिद्ध झाला.

आता आपण त्या प्रसंगाकडे येतो, ज्याकडे पाठ्यपुस्तके सहसा वळत नाहीत. १७०९ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये भयंकर थंडी पडली होती आणि असंख्य वेली गोठून मेल्या होत्या. वाइनचे भाव चढले. त्यानंतर बोर्डोभोवती द्राक्षलागवडीचे जणू वेडच पसरले. वकील, न्यायाधीश, व्यापारी, जो तो जमीन घेऊन वेली लावू लागला. त्या वेळी क्लोद बूशे हा राजाचा इंटेंडंट या प्रांताचा कारभार पाहत होता. आपल्याकडच्या कलेक्टरासारखा, पण त्याहून कितीतरी अधिक सत्ता असलेला हा अधिकारी. त्याला ही लागवड पसंत नव्हती. द्राक्षे वाढली की गव्हाची जमीन घटते, सरपणाची राने तुटतात, मजूर महाग होतो, आणि वाइन उदंड झाली की तिचे भाव कोसळून शेवटी बागाईतदारच बुडतो, असे त्याचे म्हणणे. त्याच्या सांगण्यावरून राजाच्या मंडळाने २७ फेब्रुवारी १७२५ रोजी हुकूम काढला : या प्रांतात परवानगीवाचून नवी द्राक्षलागवड करू नये.

त्याच वर्षाच्या अखेरीस माँटेस्क्यूने ओ-ब्रियाँच्या जवळ, पेसाक येथे ३० जुर्नो, म्हणजे सुमारे २४ एकर पडीक जमीन विकत घेतली. अर्थातच द्राक्षे लावण्यासाठी. मध्येच हा हुकूम आडवा आला. माँटेस्क्यूने स्वतःपुरती परवानगी तर मागितलीच, पण तेवढ्यावर न थांबता त्या हुकुमाविरुद्ध एक सविस्तर निवेदन सरकारला सादर केले.

त्या निवेदनातील युक्तिवाद थोडक्यात असा. हा प्रांत आपली वाइन परदेशी विकून पैसा मिळवतो. परदेशी गिऱ्हाइकाची आवड वर्षावर्षाला बदलते; कधी त्याला हलकी वाइन हवी असते, कधी भारी. बागाईतदाराला त्याप्रमाणे लागवड बदलता आली पाहिजे. तशी मुभा नसेल तर पोर्तुगालसारखे देश ते गिऱ्हाईक पळवतील. पोर्तुगालचा उल्लेख उगीच नव्हता. १७०३ च्या मेथुएन तहानंतर इंग्लंडमध्ये पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा कमी जकात होती. दुसरे असे की, खडीच्या या जमिनीत द्राक्षाखेरीज दुसरे काही धड पिकत नाही. तिथे गव्हाचा आग्रह धरणे म्हणजे जमीन पडीक ठेवणे. आणि सर्वांत मुख्य मुद्दा हा की, आपली बाग आपल्याला परवडते की डोईजड होते, हे दूर बसलेल्या मंत्र्यापेक्षा ती कसणाऱ्या मालकाला अधिक चांगले कळते. ज्याला तोटा सोसायचा आहे त्याला हिशेब शिकवण्याची गरज नाही.

बूशेवर याचा काही परिणाम झाला नाही. हे गृहस्थ मोठे बुद्धिमान आहेत, चमत्कृतिपूर्ण विधाने करणे त्यांना अवघड नाही, आणि त्यांना दुसरा उद्योग नसल्यामुळे ते वाद घालत बसतील, तेव्हा त्यांना उत्तर देण्याच्या भरीस पडू नये, अशा आशयाचे त्याने वरिष्ठांना कळवले. सरकारी दप्तरातली ही भाषा अडीच-तीनशे वर्षांत फारशी बदललेली नाही! हुकूम उठला नाही. उलट १७३१ साली तो साऱ्या फ्रान्सला लागू झाला. तो रद्द झाला १७५९ मध्ये. तेव्हा माँटेस्क्यू हयात नव्हता.

या वादात माँटेस्क्यू स्वच्छ आणि बूशे खलनायक, असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. माँटेस्क्यूचा स्वतःचा स्वार्थ त्यात गुंतलेला होता. आणि बूशेची भीतीही निराधार नव्हती. १७२५ साली फ्रान्समध्ये धान्याची टंचाई होती आणि पॅरिसमध्ये पावासाठी दंगे झाले होते. भाकरीचा प्रश्न असताना वाइनची लागवड वाढू द्यावी काय, हा प्रश्न कोणत्याही काळच्या राज्यकर्त्याला पडावा असाच आहे. परंतु माँटेस्क्यूने एक गोष्ट नेमकी पकडली. सगळ्या जमिनींना एकच हुकूम लावता येत नाही. सुपीक गाळाच्या जमिनीला जो नियम शहाणपणाचा, तोच ग्राव्हच्या खडीला मूर्खपणाचा ठरतो. मला असे वाटते की त्याच्या पुढच्या महाग्रंथाचे सूत्र या निवेदनात आधीच डोकावते.

१७२६ साली कर्ज वाढल्यामुळे आणि कामाचा कंटाळा आल्यामुळे त्याने न्यायाधीशाचे पद विकून टाकले. १७२८ च्या आरंभी फ्रेंच अकादमीत त्याची निवड झाली आणि लगेच तो युरोपच्या प्रवासाला निघाला. ऑस्ट्रिया, हंगेरी, इटली, जर्मनी आणि हॉलंड पाहून १७२९ च्या नोव्हेंबरात लॉर्ड चेस्टरफील्ड यांच्या जहाजातून तो इंग्लंडला पोहोचला. तिथे तो सुमारे दीड वर्ष राहिला. पार्लमेंटमधील वादविवाद ऐकले, वर्तमानपत्रे वाचली, रॉयल सोसायटीचा सभासद झाला. राजाच्या मंत्र्यावर उघडउघड टीका करूनही माणूस संध्याकाळी सुखरूप घरी जातो, हे दृश्य फ्रान्समधून आलेल्या माणसाला नवीनच होते. इंग्लंडची लाचलुचपतही त्याच्या नजरेतून सुटली नाही. आणि ओळखीपाळखी करताना त्याच्यातला बागाईतदारही झोपलेला नव्हता. बोर्डोच्या तांबड्या वाइनचे, इंग्रज जिला क्लॅरेट म्हणत तिचे, मोठे गिऱ्हाईक याच देशात होते.

१७३१ साली तो ला ब्रेदला परतला. यानंतरचे त्याचे आयुष्य म्हणजे हिवाळ्यात पॅरिस आणि एरवी ला ब्रेद, असे ढोबळ मानाने सांगता येईल. इंग्लंडमध्ये पाहिलेल्या धर्तीवर त्याने गढीभोवतीचे रान मोकळे करून घेतले. वरच्या मोठ्या दालनात हजारो ग्रंथ रचलेले होते. तिथून उठून तो बागेत जाई, मजुरांशी त्यांच्या बोलीत बोले, त्यांची भांडणे सोडवी. द्राक्षवेलीला आधार द्यायची मेढ खांद्यावर टाकून, डोक्याला साधी सुती टोपी घालून तो चाललेला असताना पाहुण्यांनी त्याला गडी समजून गढीची वाट विचारली, अशी एक आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, लोकांना ती खरी वाटली, यातच सर्व काही आले. दुसरी हकीकत मात्र प्रत्यक्षदर्शी पाहुण्याने लिहून ठेवलेली आहे. दोन तरुण त्याला भेटायला आले असता तो त्यांना रान दाखवायला घेऊन गेला. वाटेत कुलूप घातलेले कमरेएवढे फाटक लागले. किल्लीसाठी थांबण्याऐवजी साठी उलटलेल्या या तत्त्ववेत्त्याने त्यावरून चक्क उडी मारली!

त्या काळच्या बागेची कामे आजच्या वाचकाला परिचित वाटतील अशीच होती. हिवाळ्यात छाटणी, वसंतात कुदळीने खणणी, शेणखत, वेली मेढींना बांधणे, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी. तांबड्या वाइनसाठी काळी द्राक्षे सालीसकट लाकडी टाक्यांत आंबवत. रंग सालीतून उतरतो. मग ती ओकच्या पिंपांत भरत. एका पिंपात सुमारे २२५ लिटर, आणि अशा चार पिंपांचा एक तोनो. पिंप निर्जंतुक राहावे म्हणून आत गंधकाची वात जाळण्याची युक्ती डच व्यापाऱ्यांनी शिकवलेली होती. याखेरीज रसायन असे काही नव्हते, आणि त्याची फारशी गरजही नव्हती. कारण वेलींचे मोठे शत्रू, म्हणजे भुरी, केवडा आणि मुळे कुरतडणारी फायलोक्सेरा कीड, हे सारे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फ्रान्समध्ये आले. केवड्यावर तोडगा म्हणून मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण १८८५ साली बोर्डोच्याच मिलार्दे या प्राध्यापकाने प्रसिद्ध केले. आपल्या नाशिक-सांगलीकडचे बागाईतदार आजही जे बोर्डो मिश्रण फवारतात, ते हेच.

परंतु रसायने नव्हती म्हणून भेसळ नव्हती असे नाही. बोर्डोचे व्यापारी इंग्रजांना आवडावी म्हणून स्थानिक वाइनमध्ये स्पेनची किंवा ऱ्होन खोऱ्यातली जाड, गडद वाइन बिनदिक्कत मिसळत. माँटेस्क्यूचा अभिमानाचा मुद्दा नेमका हाच होता. आपली वाइन देवाने जशी दिली तशीच आपण पाठवतो, मधल्या व्यापाऱ्याचा हात तिला लागलेला नसतो, असे तो मित्रांना लिहीत असे.

दरम्यान ग्रंथाचे काम चालूच होते. १७३४ साली रोमच्या उत्कर्षाची आणि ऱ्हासाची मीमांसा करणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. मुख्य ग्रंथाला मात्र वीसएक वर्षे लागली. मोतीबिंदूमुळे दृष्टी अधू होत चालली होती. लेखनिक वाचून दाखवत, तो सांगे आणि ते उतरून घेत. धाकटी मुलगी देनीझ हीही वडिलांना वाचून दाखवी. अखेर १७४८ साली जिनीव्हा येथे ‘द स्पिरिट ऑफ द लॉज’ या नावाने आपण ओळखतो तो ग्रंथ, लेखकाच्या नावाशिवाय, दोन खंडांत छापला गेला. त्यात ३१ भाग आहेत. आपला परीक्षेतला प्रश्न त्यांतल्या अकराव्या भागाच्या एका प्रकरणातून येतो. उरलेले तीस भाग आपण सहसा उघडत नाही.

ते उघडले तर काय दिसते? कायदे हे आकाशातून पडत नाहीत. देशाचे हवामान, जमिनीचा कस, लोकांचा व्यवसाय, धर्म, चालीरीती, संपत्ती आणि लोकसंख्या यांच्याशी त्यांचे नाते असते. एका देशाचा कायदा दुसऱ्या देशाला जसाच्या तसा लागू पडला तर तो निव्वळ योगायोग समजावा. ग्राव्हच्या खडीत उभा राहून बूशेला जे सांगायचे होते, तेच येथे जगाच्या पातळीवर सांगितले आहे. जमीन पाहून वेल निवडावी, तसा समाज पाहून कायदा करावा. आणि कोणत्याही एका माणसाला साऱ्या जमिनींची माहिती नसल्यामुळे सारी सत्ता एका हाती देऊ नये. सत्तेला सत्तेनेच अडवले पाहिजे, हा विचार आणि मंत्र्यापेक्षा मालकाला अधिक कळते, हा विचार एकाच डोक्यातून निघालेले आहेत.

या पद्धतीचे दोषही तिथेच आहेत. आशियातील राज्ये म्हणजे केवळ जुलूमशाही, आणि उष्ण हवेतली माणसे स्वभावतः सुस्त व आज्ञाधारक, असे त्याने ठरवून टाकले. तो कधी पूर्वेकडे आला नव्हता; प्रवाशांची वर्णने वाचून त्याने हे लिहिले. आपल्या सुरतेत राहून गेलेल्या आंकेतिल-द्युपेराँ या फ्रेंच पंडिताने १७७८ साली त्याचे सप्रमाण खंडन केले. स्वतःच्या जमिनीबद्दल दूरच्या माणसाने हुकूम सोडू नये असे म्हणणारा माणूस दुसऱ्यांच्या जमिनीबद्दल दुरूनच निकाल देऊन मोकळा झाला, हा विरोधाभास विसरता येत नाही. गुलामगिरीवर मात्र त्याने जहरी उपरोधाने लिहिले. हे लिहिताना बोर्डो बंदरातूनच वाइनची पिंपे त्या साखरेच्या बेटांकडे जात होती, जिथल्या मळ्यांत गुलाम राबत होते. त्या व्यापारावर सारे शहर पोसले जात होते. त्याची लेखणी या बाबतीत त्याच्या शहराच्या बरीच पुढे होती.

ग्रंथाच्या दोन वर्षांत वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. धर्मपीठांकडून हल्ले झाले. १७५० साली त्याने त्यांना उत्तर देणारे पुस्तक लिहिले. तरी १७५१ मध्ये रोमने ग्रंथाचे नाव निषिद्ध यादीत घातलेच. मात्र या प्रसिद्धीचा एक अनपेक्षित फायदा झाला. इंग्लंडशी चाललेले युद्ध १७४८ च्या तहाने संपले होते आणि बंदर पुन्हा मोकळे झाले होते. त्याने स्कॉटलंडच्या लॉर्ड एलिबँक यांना पाठवलेली वाइन तिथे पसंत पडली, आणि १७५२ साली इंग्लंडहून १५ तोनोची मागणी आली. म्हणजे ६० पिंपे, सुमारे साडेतेरा हजार लिटर. आता शेतावरच्या घराचे बांधकाम पुरे करता येईल, याचा आनंद त्याने आपल्या गुआस्को या मित्राला कळवला. आणि तिकडे पुस्तक गाजल्यामुळे वाइनही खपू लागलेली दिसते, अशी पुस्तीही जोडली. आयुष्यभराच्या चिंतनाचे असे रोख फळ फार थोड्या तत्त्ववेत्त्यांना मिळाले असेल.

दिदेरोच्या विश्वकोशासाठी त्याच्याकडे लोकशाही आणि जुलूमशाही या विषयांवर लेख मागितले होते. त्यावर सांगायचे ते सांगून झाले, असे म्हणून त्याने विषय निवडला तो अभिरुची, म्हणजे रसास्वाद. तो लेख अपुराच राहिला. १७५५ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये त्याला तापाने गाठले. १० फेब्रुवारी रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी तो वारला. त्याला सँ-सुल्पिस चर्चमध्ये पुरण्यात आले; पुढे राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्या थडग्याचा ठावठिकाणा राहिला नाही. ला ब्रेदची गढी मात्र उभी आहे. ती एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत वंशजांकडेच होती, आणि आता एका प्रतिष्ठानाच्या ताब्यात आहे.

आज फ्रान्समध्ये सेंद्रिय वाइनचा बोलबाला आहे. युरोपीय संघाने २०१२ साली नियम केला : बाटलीवर सेंद्रिय वाइन असे लिहायचे असेल तर बागेत कृत्रिम खते-औषधे नकोत, आणि कोरड्या तांबड्या वाइनमध्ये गंधकयुक्त संरक्षक लिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको. मोरचुदातल्या तांब्यालाही मर्यादा आहे : सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. माँटेस्क्यूला हा सरकारी हस्तक्षेप रुचला असता काय? मला वाटते, रुचला असता. काय लावावे हे बागाईतदाराला सांगणारा कायदा वेगळा, आणि पिंपात काय आहे हे गिऱ्हाइकाला खरे सांगायला लावणारा कायदा वेगळा. पहिला माणसाची अक्कल काढून घेतो, दुसरा तिला माहिती पुरवतो. मिसळ न केलेल्या वाइनचा अभिमान बाळगणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागला नसता.

आपल्या संविधानाच्या ५० व्या अनुच्छेदात न्यायखाते कार्यकारी सत्तेपासून अलग करावे, असा निर्देश आहे. त्याचे उत्तर लिहिताना आपण माँटेस्क्यूचे नाव घालतोच. यापुढे ते लिहिताना, ग्राव्हच्या खडीत वेली लावण्याची परवानगी मागणारा आणि ती मागता मागता, परवानगी देणारा हा कोण, असा प्रश्न विचारणारा एक बागाईतदार माझ्या डोळ्यांपुढे उभा राहील. गुण त्यामुळे वाढतील की नाही, ते परीक्षकांच्या हाती!